मदत हवी आहे : आजोळच्या घराच्या शिंपल्यांच्या खिडक्या आणि घराचं वय

मंडळी, नमस्कार. माझं आजोळ गोव्यात, फोंडा तालुक्यात. घर पोर्तुगीज काळातलं, चिऱ्याचं. मधे राजांगण, त्यात तुळशीवृंदावन आणि दर्शनी बाजूला मात्र बाल्कांव, म्हणजे पोर्तुगीज धाटणीचा दारापुढचा ओटा, दोन्हीकडे बसायला कट्टे. एकाच घरात दोन जगं नांदतात, म्हणूनच ते मोडू द्यायचं नाही.

पहिली अडचण खिडक्यांची. लाकडी पट्ट्यांच्या खाचांत चपटे, जवळजवळ पारदर्शक शिंपले बसवलेत. दुपारी खोलीत दुधाळ उजेड पडतो. त्यातले सतरा शिंपले तडकलेत, वाळवीने पट्ट्याही पोखरल्यात. या शिंपल्यांना आता वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे नवे नकोतच. पाडलेल्या घरांतले जुने कुठे रीतसर मिळतील? त्या खाचा हाताने पाडणारा सुतार कुणाच्या माहितीत आहे का?

दुसरं, मागच्या पावसाआधी एका मिस्त्रीने चुन्याचा गिलावा खरवडून सिमेंट थापलं. आता ओल आतच कोंडते, पोपडे सुटतात. ते काढताना चिरा फुटू नये यासाठी काय करावं?

तिसरं, घराचं वय. कौलांवर बासेल मिशन, मंगळूर आणि १८६५ असं आहे, पण ते मिशनच्या कौलांच्या कारखान्याचं स्थापना-साल. शिवाय छप्पर नंतरही बदललेलं असू शकतं. मामांच्या पेटीत पोर्तुगीज हस्ताक्षरातले चार कागद आहेत. ते वाचून देणारं कुणी आहे का? पणजीच्या पुराभिलेख खात्यात जायचं तर आधी काय शोधावं?

मामा आता ८१ वर्षांचे आहेत. त्यांच्या डोळ्यांदेखत हे व्हावं असं फार वाटतं.