बोमा, सफारी, मचाण: आफ्रिकेतल्या शिकारकथांचे शब्द

प्रश्न : जॉन पॅटरसनचं 'द मॅन-ईटर्स ऑफ त्सावो' (१९०७) वाचतोय, केनियातल्या त्सावोच्या नरभक्षक सिंहांवरचं. 'बोमा' पुन्हापुन्हा येतो. नुसतं कुंपण म्हणावं, तर आत तंबू ठोकून माणसं झोपलेली असतात. मराठीत काय म्हणाल? आणि ही पुस्तकं आज वाचवतात का तुम्हाला?

प्रतिसाद १ : काट्यांच्या फांद्या रचलेल्या कुंपणाला आपल्याकडे वई म्हणतात, पण वई शेताच्या कडेला. बोमा आवारासकट असतो, म्हणून धनगरांचं मेंढ्या कोंडायचं वाडगं जास्त जवळचं. तरी माझं मत, बोमाच ठेवा. स्वाहिलीत त्याचा पसारा मोठा आहे: गुरांचं आवार, तटबंदी, पुढे इंग्रजी अमलात जिल्ह्याची सरकारी कचेरीसुद्धा. शिवाय २०२२ मध्ये मध्य प्रदेशातल्या कुनोत चित्ते आणले तेव्हापासून 'चित्ते बोमात सोडले' असं मराठी पेपरांत सर्रास छापून येतंय. शब्द आलाय, राहू द्या.

प्रतिसाद २ : मचाण मात्र पॅटरसननं आपल्याकडून नेलं. तो हिंदुस्थानात लष्करी नोकरी करून १८९८ मध्ये युगांडा रेल्वेच्या पुलाच्या कामावर गेला होता. मेलेल्या गाढवाशेजारी बारा फूट उंचीचं डुगडुगतं मचाण बांधून तो रात्री बसला, तर सिंह गाढव सोडून त्याच्याच भोवती घिरट्या घालू लागला. तेवढ्यात एक घुबड येऊन त्याच्या डोक्यावर आदळलं! आता 'सिंहाची शिकार' म्हणजे सिंहानं केलेली की सिंहाची झालेली, हा मराठीतला घोळ त्या प्रकरणात अगदी चपखल बसतो.

'सफारी'चा मूळ धागा अरबी 'सफर'. आपली सफर त्याच घरची. पण त्या काळच्या सफारीत जीप नव्हती. डोक्यावर ओझी घेतलेल्या हमालांची रांग आणि महिनोन्महिने पायपीट. अनुवादात 'जंगल सफारी' लिहिलंत की वाचकाला ताडोब्याचं तिकीट आठवणार. तिथे 'तांडा' चालेल. (सफारी ड्रेस घालणाऱ्या आपल्या कंत्राटदारांचा विषय वेगळा.)

प्रतिसाद ३ : वाचवतात का, यावर. डब्ल्यू. डी. एम. बेलचं 'द वॉन्डरिंग्ज ऑफ ॲन एलिफंट हंटर' (१९२३) मला अर्धंच झेपलं. लिहितो मस्त, बडेजाव नाही. हत्तीचा मेंदू नेमका कुठे असतो हे कळावं म्हणून कवटी करवतीनं कापून बघणारा माणूस. पण हजारावर हत्ती, तेही हस्तिदंतासाठी! नेमबाजीचं कौतुक करता करता घास अडकतो.

पॅटरसनमध्ये खुपलं ते वेगळंच. सिंहांनी २८ हिंदी मजूर मारले असा आकडा तो देतो आणि आफ्रिकी माणसं किती गेली याची सरकारी नोंद नाही, हे एका वाक्यात उरकतो. हिंदी मजुरांसाठी त्याचा शब्द 'कुली'. अनुवादकानं तो 'कामगार' करून गुळगुळीत करू नये. त्या काळाचा माज त्या शब्दातच आहे.

प्रश्नकर्ता : 'तांडा' पटला. पण शिकाऱ्याची बंदूक घेऊन चालणाऱ्या 'गन-बेअरर'ला काय करू? 'बंदूकवाला' म्हटलं तर बंदूक त्याच्या मालकीची वाटते.

प्रतिसाद २ : 'बंदूकधारी' तर मुळीच नको, तो पोलिसांच्या बातमीतला. सरळ 'बंदूक वाहणारा' लिहा. बंदूक स्वाहिलीतही 'बुंडुकी'च आहे.