परीक्षेतील 'सवलत' आणि 'सोय' : अर्थभेद आणि वापर

प्रश्न : समावेशक शिक्षणावरील संशोधन मराठीत मांडताना जादा वेळ, लेखनिक, ब्रेल किंवा मोठ्या अक्षरांतील प्रश्नपत्रिका या सर्वांना सरसकट 'सवलत' म्हणावे, की 'सोय' हा शब्द अधिक नेमका ठरेल?

उत्तर १ : 'सवलत' हा शब्द अरबी 'सहूलत'वरून, म्हणजे सुलभता या अर्थाच्या शब्दावरून आला असला, तरी आज त्याला सूट दिल्याचा अर्थ चिकटला आहे. करात किंवा शुल्कात सवलत मिळते, तेव्हा पूर्ण येणे असताना कमी घेतले जाते. उत्तीर्ण होण्यासाठी लागणारे गुण कमी केले, तर तिला सवलत म्हणणे रास्त आहे. ब्रेल प्रश्नपत्रिकेत मात्र प्रश्न तेच असतात आणि अपेक्षाही तीच असते, त्यामुळे ती सोय होय. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००६ सालच्या कराराने वाजवी सोय (इंग्रजीत 'reasonable accommodation') नाकारणे हा भेदभावाचाच एक प्रकार मानला आहे. सवलत नाकारली तर फार तर मन कोते ठरते, हक्क बुडत नाही. म्हणून तेथे 'वाजवी सवलत' असा अनुवाद केला की कलमाचा कणाच मोडतो.

उत्तर २ : भेद मान्य आहे, परंतु कोणती गोष्ट सोय आणि कोणती सवलत हे त्या गोष्टीवरून ठरत नाही, तर परीक्षा काय मोजू पाहते यावरून ठरते. गणितातील शाब्दिक उदाहरण वाचनदोष असलेल्या मुलीला मोठ्याने वाचून दाखवले, तर तिचे गणितच तपासले जाते, म्हणून ती सोय. तोच उपाय अक्षरवाचनाच्या चाचणीत केला, तर जे तपासायचे तेच दुसऱ्याने करून दिल्यासारखे होते. संशोधक त्याला सोय न म्हणता 'फेरबदल' मानतात, आणि तशा गुणांची इतरांच्या गुणांशी थेट तुलना करीत नाहीत.

जादा वेळेचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. तो दिल्याने केवळ अपंग विद्यार्थ्यांचेच गुण वाढले तरच ती खरी सोय, असे संशोधनात पूर्वी धरले जात असे. प्रत्यक्षात अनेक अभ्यासांत इतरांचेही गुण वाढलेले दिसले, म्हणून अपंग विद्यार्थ्यांना तुलनेने अधिक लाभ होतो का, हा सौम्य निकष पुढे आला. माझ्या मते यातून सोय देण्याविषयी नव्हे, तर मूळ वेळमर्यादेविषयीच शंका उपस्थित व्हायला हवी, कारण वेग हा परीक्षेचा विषय नसताना घाईत लिहिणाऱ्या सर्वांचेच ज्ञान कमी मोजले जाते. (गुणपत्रिकेवर 'सवलतीसह' असा शेरा मारण्याची हौस सोय आणि सवलत यांच्या याच गोंधळातून येते.)

एखाद्या परिपत्रकात 'सवलत' हा शब्द असेल, तर प्रश्नकर्त्यांनी त्याच्या अवतरणात तो तसाच ठेवावा. स्वतःच्या विवेचनात मात्र सोय, फेरबदल आणि सवलत हे तीन शब्द वेगळे वापरावेत.