वातोच्या चुण्या आणि आमचं शेपूट

फोंड्याची_सून
काल 'दर्यावर्दी' यांनी लिहिलं, की जुन्या युरोपियन चित्रांवरून बेतलेले गाऊन मागवणाऱ्या गोव्यातल्या मुली म्हणजे 'पोर्तुगीज गेले, शेपूट राहिलं'. दोन ओळींत उत्तर देणार होते, पण डोकं फिरलंय.

मी असा गाऊन घेतलाय, रिसेप्शनसाठी. खांद्यापासून थेट टाचेपर्यंत सुटणाऱ्या चुण्या, चित्रकार वातोच्या चित्रांतल्या बायकांच्या पाठीवर असतात तशा. 1783 मध्ये चित्रकर्ती व्हिजे-लब्राँने फ्रान्सच्या राणीला, मारी आंत्वानेतला, साध्या मलमलीच्या गाऊनमध्ये रंगवलं, तर राणी आतल्या कपड्यांवर बसलीय म्हणून पॅरिसात बोंब झाली आणि चित्र प्रदर्शनातून उतरवावं लागलं. त्या काळात तलम मलमल आपल्याकडून तिकडे जायची. आता सांगा, शेपूट कुणाला कुणाचं?

दर्यावर्दी
इतिहासाचा तास कुणी मागितला होता? घ्याच मग. 1736 ला इन्क्विझिशनने, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाने, इथल्या ख्रिस्ती लोकांच्या देशी पेहरावावर फतवा काढला. ज्यांनी चोळ्या सोडायला लावल्या, त्यांच्याच दरबारी झग्यांवर पैसे उधळायचे?

बार्देसकार
वातो फ्रेंच होता हो. पोर्तुगीजांवरचा राग त्याच्यावर कशाला? बाकी फतव्यांना पुरून उरलेला पानो भाजू आमच्या आजीने मांडो नाचताना घातलाय. वर जरीकामाचा सैल झगा तो भाजू, खाली गुंडाळायचं वस्त्र तो पानो. तो जुना, तो सुंदर, तो इथला. तो का नाही घेत कुणी?

फोंड्याची_सून
शिवून कोण देणार? तुम्ही?

काजूबोंड
अगदी! माझा चवथीचा ब्लाउज दसऱ्याला मिळाला, तोही काखेत उसवलेला. आणि वर म्हणे, "बाई, तुम्ही जाड झालात."

बार्देसकार
आमच्याकडे साडो, म्हणजे नवरीचा लाल पेहराव, कापायला टेलर घरी यायचा. लाल कापडाला पहिली कात्री लागली की बाहेर फटाके. त्या मानाचा माणूस आज बाह्या आखूड करत बसलाय, कारण तुम्हाला सगळं कुरियरने हवं.

काजूबोंड
मान कसला? ॲडव्हान्स घेऊन फोन उचलत नाहीत!

बार्देसकार
तीनशे रुपये शिलाईत घासाघीस करणाऱ्यांनी बोलू नये.

काजूबोंड
तुमचं दुकान आहे काय टेलरिंगचं? एवढं झोंबलं ते!

शेवंती
भांडण थांबलं तर मूळ विषयावर बोलते. माझी तक्रार वेगळीच आहे. चित्रकार क्लिम्टच्या चित्रावरचा गाऊन म्हणून मागवला आणि आलं काय, तर पॉलिएस्टर सॅटिनवर छापलेलं चित्र. कडेची शिवण बरोब्बर त्या बाईच्या नाकावरून गेलेली, अर्धं नाक पुढे, अर्धं मागे. आत अस्तर नाही, कमरेला प्लास्टिकच्या पट्ट्या, ऐन मे महिन्यात. याला काय कलेची प्रेरणा म्हणायचं? 1965 मध्ये फॅशन डिझायनर इव्ह सँ लोराँने मोंद्रियानच्या रंगीत चौकोनांच्या चित्रांवरून ड्रेस केले, ते चौकोन छापले नव्हते. रंगीत तुकडे वेगवेगळे कापून जोडले आणि अंगाचा आकार त्या जोडांतच लपवला. घेताना बेतणी बघा, छापील चित्र नको. आतल्या शिवणीचा फोटो दुकानदाराकडून मागवा. टाळाटाळ केली तर समजून जा.

दर्यावर्दी
शेवंतीताई, पहिल्यांदा कुणीतरी कामाचं बोललं. पण तो गाऊन ठेवणार कुठे? इथल्या पावसाळ्यात मखमलीला बुरशी धरते.

शेवंती
डिझायनर फोर्तुनीचा डेल्फॉस गाऊन आठवा. ग्रीक पुतळ्यावरून सुचलेला, बारीक चुण्यांचं रेशीम. पीळ घालून गोल डब्यात ठेवायचे, इस्त्रीची कटकटच नाही.

दर्यावर्दी
आषाढात डबा उघडा, जास्तीची नक्षी फुकट मिळेल. बरं, वातोबाईंनी घातला तर घातला, माझं काय जातंय. मात्र फुगड्या घालताना चुण्यांवर पाय पडला तर इथे रडायला येऊ नका.

फोंड्याची_सून
रिसेप्शनला फुगड्या कोण घालतं? आणि उपकार झाले परवानगी दिल्याबद्दल. लांबी कमी करून घ्यायचीच आहे. म्हापशाकडे बरा टेलर आहे का कुणी? बार्देसकार?

बार्देसकार
आहे. चुण्यांना हात न लावता खालून करून देईल. पण नाव व्यनितून, खाजगी निरोपात, कळवतो. इथे टाकलं तर काजूबोंडबाई उद्याच ब्लाउज घेऊन पोचतील.

काजूबोंड
मलाही व्यनि करा. ब्लाउज दोन आहेत.