मदत हवी आहे: कंबरदुखीला काउन्सेलिंग? नाशिकमध्ये कोण करतं?

रेवती_सिडको
नमस्कार, जरा लवकर उत्तर हवंय. मिस्टरांची कंबर कोविडनंतर जी धरली ती सुटलीच नाही. सगळं करून झालं. आता नवीन डॉक्टर म्हणतात सायकॉलॉजिस्टला भेटा. वर एक गोळी दिलीय, ती नेटवर शोधली तर डिप्रेशनची निघाली! म्हणजे माणूस नाटक करतोय असं म्हणायचंय का यांना? हे तर चिठ्ठी फाडायलाच निघाले होते. कोणाला अनुभव आहे का? खर्च किती येतो? पाथर्डी फाट्याच्या आसपास कोणी असेल तर बरं, द्वारका चौक ओलांडून जायची यांच्या कंबरेची ताकद नाही.

निफाडकर
‘सगळं’ म्हणजे काय काय? वय किती? एमआरआय काय म्हणतो? काम बसून की उभ्यानं?

गोदाकाठचा
द्वारका ओलांडायला धडधाकट माणसाचीही कंबर पुरत नाही ताई. गेल्या पावसाळ्यात तिथल्या खड्ड्यात माझ्या ॲक्टिवाचा शॉकअप गेला.

मूकसाधक
इगतपुरी जवळ असताना लोक इकडेतिकडे का फिरतात कळत नाही. धम्मगिरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करा. फी नाही. दुखण्याकडे तटस्थपणे बघायला शिकलं की दुखणं आपोआप जातं. माझी मायग्रेन गेली.

रेवती_सिडको
वय ४३. अंबडला कारखान्यात सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) मशिनवर, उभ्यानं काम. ऑपरेशननंतरचा एमआरआय चांगला आहे. सर्जन म्हणतात आमच्या बाजूनं सगळं ओके. मग दुखतं कशानं, ते कोणी सांगत नाही.

निफाडकर
ऑपरेशन झालंय? अहो, हे आधी सांगायचं ना! कुठला मणका? पाय बधिर होतो का? लघवी-संडासवरचा ताबा? ताप, वजन घटणं? यातलं काही असेल तर काउन्सेलिंग राहू द्या, आधी सर्जन गाठा.

रेवती_सिडको
एल ४-एल ५. बाकी तुम्ही म्हणता त्यातलं काही नाही. दोन डॉक्टरांनी तपासलंय. माझा प्रश्न वेगळा आहे.

पाठीराखी
मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून थोडं लांब लिहिते. तीन महिन्यांच्या पुढे गेलेलं दुखणं क्रॉनिक धरतात. जखम भरून येते, पण मज्जारज्जू आणि मेंदू हळवे झालेले राहतात. साधं वाकलं तरी तो संदेश वेदना म्हणूनच पोचतो. मज्जारज्जूतच हे संदेश कमी-जास्त होतात आणि मेंदूही वरून त्यात हात घालतो, ही मांडणी मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ मध्ये केली. भीती, काळजी, अपुरी झोप यांनी दुखणं चढतं ते याच वाटेनं. पाय कापलेल्या माणसाला नसलेल्या पायाची बोटं दुखतात. त्याला नाटकी म्हणाल का?
गोळी ड्युलोक्सेटिन आहे का? ती नैराश्यावर देतात तशीच जुनाट कंबरदुखीवरही देतात. मेंदूकडून खाली येणारी, वेदना दाबणारी यंत्रणा तिनं बळकट होते. डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करू नका.

रेवती_सिडको
हो, तीच आहे. हे डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगितलं असतं तर घरात एवढा तमाशा झाला नसता.

कळवणची_मास्तरीण
मी केलंय, सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारं काउन्सेलिंग. मला फायब्रोमायल्जिया आहे, म्हणजे अंगभर जुनाट दुखणं. मलाही आधी अपमानच वाटला होता. तिथं बालपण वगैरे उकरतील असं वाटलं, तर त्यांनी वही ठेवायला लावली: कधी दुखलं, तेव्हा काय करत होते, डोक्यात काय चाललं होतं. त्यातून दिसलं की बरं वाटलं त्या दिवशी मी माळ्यापासून अंगणापर्यंत सगळं घर काढायचे आणि मग अंथरुण धरायचे. मग त्यांनी घड्याळ लावून दिलं. दुखेपर्यंत करायचं नाही, वेळ झाली की थांबायचं. अगदी मस्त वाटत असलं तरी. हे दिसतं सोपं, पण अर्धवट झाडलेली खोली तशीच सोडून बसणं म्हणजे काय ते बायकाच जाणोत.
दुखणं गेलं का? नाही. पण शाळेत पुन्हा रुजू झाले, रात्री झोपते.

आकडेमोड
उगाच आशा लावू नका. कॉक्रेन ही संस्था उपचारांवरच्या चाचण्या एकत्र करून तपासते. तिच्या २०२० च्या आढाव्यात ७५ चाचण्या आहेत. सीबीटीनं वेदना, अपंगत्व, मनस्ताप या तिन्हींत फरक पडतो, पण लहान.

मूकसाधक
म्हणूनच म्हणतो, ध्यान. अमेरिकेत कबाट-झिन नावाच्या प्राध्यापकांनी १९७९ मध्ये हॉस्पिटलात ध्यानाचा कार्यक्रम सुरू केला, तो अशाच जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी.

पाठीराखी
@मूकसाधक, बरोबर, पण तो काही आठवड्यांचा होता, घरी राहून, डॉक्टरांचे उपचार चालू ठेवून. ऑपरेशन झालेल्या कंबरेला थेट दहा दिवसांच्या बैठकीला कशाला पाठवता?

मूकसाधक
खुर्ची मिळते तिथं. माहिती नसताना बोलू नये.

पाठीराखी
खुर्ची मिळते हे माहीत आहे. शिबिर हा औषधोपचाराला पर्याय नाही, असं ते स्वतःच सांगतात, हेही माहीत आहे.
@आकडेमोड, २०२२ मध्ये ‘जामा सायकियाट्री’ या वैद्यकीय मासिकात छापून आलेली चाचणीही सांगा ना. जुनी पाठदुखी असलेली १५१ माणसं. वेदनेकडे धोका म्हणून न बघायला शिकवणारी थेरपी घेतलेल्यांपैकी ६६ टक्के महिन्याभरात जवळपास वेदनामुक्त झाले, प्लासिबोवाल्यांत (म्हणजे औषध नसलेला नाममात्र उपचार घेतलेल्यांत) २० टक्के.

आकडेमोड
एक चाचणी, तीही अमेरिकेतल्या बोल्डर या एका शहराच्या आसपासची, दुखणं मध्यम असलेली माणसं. सीएनसीवर आठ तास उभं राहणाऱ्याला ते आकडे जसेच्या तसे लावू नका एवढंच म्हणणं आहे.

सातपूर_युनियन
पगारातून ईएसआय (कामगार विमा) कापला जातो का? पगार २१ हजारांच्या आत असेल तर आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो. डॉक्टरचं सर्टिफिकेट मात्र लागतं.

रेवती_सिडको
रजेचं कोणी विचारलं? कामावर जातात ते, रोज पेनकिलर घेऊन. घरी आले की आडवे. बाकी सगळं मीच बघते. बादली, गॅसची टाकी, बाजाराची पिशवी, चपलासुद्धा मीच काढून देते.

कळवणची_मास्तरीण
रोज पेनकिलर हे डॉक्टरांना माहीत आहे का? किडनी आणि पोटाचं विचारून घ्या.
आणि रेवतीताई, राग मानू नका. आमच्याकडे थेरपिस्टनं सासूबाईंना आणि यांना एकदा बोलावून घेतलं होतं. दर वेळी ‘दुखतंय का?’ विचारणं बंद करायला सांगितलं, आणि जमेल ते काम माझ्या हातून काढून घेऊ नका म्हणाले.

रेवती_सिडको
म्हणजे आता चूक माझी? त्यांना कळवळताना बघून पिशवी हातात देऊ का?

कळवणची_मास्तरीण
चूक नाही हो. यांनाही असाच राग आला होता. कोथिंबिरीची पिशवी द्या, बटाट्यांची नको. किती आणि कधी ते थेरपिस्ट ठरवून देतात. तुम्ही दोघं एकदम जा, एवढंच सांगते. तुमचीही दमछाक झालेली दिसते.

निफाडकर
अनुमोदन. जाताना क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी विचारा आणि दुखण्याचे रुग्ण बघितलेत का तेही. पाटी कोणीही लावतं. फी प्रत्येकाची वेगळी, फोनवरच विचारून घ्या. कोणाकडे जावं सुचत नसेल तर १४४१६ ला, म्हणजे टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन लावा. सरकारी आहे, फुकट, मराठीत बोलतात. तिथं थेरपी पूर्ण होणार नाही, पण वाट दाखवतील.

रेवती_सिडको
केला फोन. सिव्हिलच्या ओपीडीचं सांगितलं, आणि इंदिरानगरच्या एक मॅडम मैत्रिणीकडून कळल्या आहेत, त्यांची शनिवारची वेळ मिळतेय. हे ‘एकदाच येईन’ म्हणालेत. एमआरआयची फाइल न्यायची का?

पाठीराखी
न्या. त्यापेक्षा गोळ्यांची पूर्ण यादी न्या, मेडिकलमधून स्वतः आणलेल्यासुद्धा. आणि ‘एकदाच’ असेल तर ते मॅडमना आधीच सांगा. एका भेटीत दुखणं तसंच राहणार, आणि मग हे म्हणतील की बघ, मी म्हणत नव्हतो?

गोदाकाठचा
ताई, गादी कोणती वापरता? कापसाची घ्या. आमच्या पंचवटीत अजून पिंजून देणारा एक जण आहे.