पैसे गुणांना की वाचनाला?

नव्वद टक्क्यांच्या वर गुण मिळवणाऱ्यांना रोख बक्षीस द्यावे, ही सूचना मला पटत नाही. अर्थात पैशाने मुले बिघडतात, हा नेहमीचा आक्षेपही पटत नाही. अमेरिकेत अर्थशास्त्रज्ञ रोलँड फ्रायर यांच्या प्रयोगांत न्यूयॉर्कमध्ये परीक्षेतील गुणांसाठी पैसे देऊनही निकाल फारसा बदलला नाही. डॅलसमध्ये मात्र दुसरीच्या मुलांना पुस्तक वाचून त्यावरची छोटी चाचणी उत्तीर्ण केल्यास दोन डॉलर मिळत, आणि इंग्रजीतून शिकणाऱ्या मुलांचे वाचन-आकलन तेथे सुधारले. गुण कसे वाढवावेत हे मुलाला अनेकदा उमगतच नाही, पुस्तक वाचणे मात्र त्याच्या हाती असते. आपल्याकडे आठवीत परीक्षा घेऊन नववीपासून वर्षाला १२,००० रुपये देणारी केंद्राची शिष्यवृत्ती उत्पन्नाची मर्यादा पाहून, शाळा सुटू नये म्हणून दिली जाते. तिला या वादात ओढू नये.