घुबड अभद्र, काळी मांजर अपशकुनी: अशा समजुतींनी खरंच कुणाचं काही बिघडत नाही का?

निशाचर: "मानतात तर मानू दे, कुणाचं काय जातं?" हे ऐकलं की मला राहवत नाही. जातं, आणि जिवानिशी जातं. मादागास्करचा आय-आय घ्या. हा रात्री हिंडणारा लेमूर, म्हणजे माकडांचा दूरचा नातलग, मधल्या काडीसारख्या बोटाने फांदीवर टकटक करतो आणि कान देऊन ऐकतो. आत पोकळी लागली की दातांनी भोक पाडायचं आणि तेच बोट घालून अळी ओढून काढायची. त्याचे दात उंदरासारखे सतत वाढतात, म्हणून १७८८ साली त्याची नोंद चक्क खारींमध्ये झाली होती. पण त्याने ते बोट रोखलं की माणूस मरतो, असा तिथे अनेकांचा समज. मग दिसला की मारा. जंगलतोड आहेच, त्यात हे. आज तो संकटग्रस्त आहे.

जुनं खोड: अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्याच बेटावर इंद्री नावाचा मोठा लेमूर आहे. त्याला पूर्वजांच्या नात्यातला मानतात, त्यामुळे कित्येक भागांत त्याला मारणं निषिद्ध. त्याला कायद्याआधी समजुतीनेच राखलं. सगळ्याच समजुती मुळासकट उपटायच्या, तर यालाही उघड्यावर टाकाल.

निशाचर: इंद्रीचं मान्य. पण जिथे तो निषेध सैल पडला, तिथे त्याचीही शिकार होऊ लागली. आणि आय-आयने कुणाचं काय घोडं मारलंय?

रातवा: माझ्या टोपणनावाच्या पक्ष्याचीही तीच गत. तो रात्री शेळ्यांचं दूध पितो, असं खुद्द ॲरिस्टॉटलने लिहून ठेवलंय. त्याचं लॅटिन नावही त्याच अर्थाचं. बिचारा गुरांभोवतीचे किडे खायला येतो! गव्हाणी घुबडाचंही तसंच. त्याच्या पिसांची कड कंगव्यासारखी दातेरी असते, त्यामुळे उडताना चाहूल लागत नाही. अंधारात पांढरं पोट अचानक डोक्यावरून जातं आणि वर ती किंकाळी. दचकायला होणारच. पण दचकणं वेगळं आणि दगड उचलणं वेगळं.

जुनं खोड: दगड उचला असं मी कधीच म्हणालो नाही. आई शेवटची आजारी होती तेव्हा सलग तीन रात्री खिडकीबाहेर घुबड ओरडत होतं. चौथ्या पहाटे ती गेली. तुमच्या पिसांच्या माहितीने ते कसं पुसून टाकू?

रातवा: पुसू नका. फक्त एक विचारतो, त्याआधीच्या रात्री तुम्ही जागे होतात का? युरोपात लाकूड पोखरणारा एक भुंगेरा जोडीदाराला बोलावण्यासाठी डोकं आपटून टकटक करतो. आजाऱ्याच्या उशाशी जागणाऱ्यांनाच ती ऐकू येई, म्हणून त्याचं नावच मृत्यूच्या पहाऱ्यावरून पडलं. आवाज रोजचाच होता, जागरण नवं होतं.

जुनं खोड: नाही, आधी मी झोपलेलोच असायचो. हे मला कधी सुचलं नव्हतं. त्या झाडाच्या ढोलीत अजून घुबडांचं जोडपं आहे. पोरांना मी तिथे दगड मारू देत नाही, तेव्हाही दिला नव्हता. पण आवाज आला की आजही उठून खिडकी लावून घेतो.