मदत हवी आहे: समुद्री टँकमध्ये टॉर्च कोरलने (प्रवाळाने) शेजारचा फेविया कोरल भाजला, अ‍ॅक्रोची टोकं गेली. कोणाला कुठे बसवू?

नमस्कार मंडळी,

मी नागपूरचा, प्रताप नगर. खाऱ्या पाण्याचा टँक ३ × १.५ × १.५ फूट, दगड वजा जाता पाणी साधारण १६० लिटर, चालू होऊन १४ महिने झाले. क्लाउन माशांची जोडी, झोआ आणि मशरूम ही मऊ प्रवाळं, सगळे मजेत. त्यामुळे हिंमत वाढली आणि गेल्या महिन्यात हार्ड कोरलचे (कठीण प्रवाळांचे) पाच फ्रॅग, म्हणजे लावायचे छोटे तुकडे, एकदम आणले: हिरवी प्लेट मॉन्टी, निळसर अ‍ॅक्रो, गुलाबी बर्ड्सनेस्ट, सोनेरी टोकांचा टॉर्च आणि लाल-हिरवा फेविया.

(कागदांचं आधीच सांगतो, नाहीतर धागा तिकडेच वळेल. आपल्या समुद्रातली कठीण प्रवाळं १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणून ‘अंदमानचा माल’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवलं. हे बाहेरदेशी टँकमध्ये वाढवलेले आहेत, बिल आणि आयात परवान्याची प्रत जवळ आहे.)

दुकानदार म्हणाला, हार्ड कोरल आहेत, लाइटखाली वर ठेवा. मी पाचही वरच्या कपारीवर चिकटवले, एका ओळीत, चार-चार बोटं सोडून. काय दिसत होतं म्हणून सांगू! घरी येईल त्याला चहाच्या आधी टँकसमोर उभं करत होतो.

चौथ्या रात्री पाणी प्यायला उठलो आणि सहज मोबाइलचा टॉर्च टॉर्चवर मारला. एरवी बोटाएवढ्या असणाऱ्या त्याच्या शुंडांपैकी दोन-तीन दोऱ्यासारख्या लांब होऊन थेट फेवियावर पडल्या होत्या. सकाळी फेवियाचं त्या बाजूचं मांस विरघळून रुपयाएवढा पांढरा सांगाडा उघडा पडलेला.

अ‍ॅक्रोचं दुखणं वेगळं. टोकं पांढरी झाली तेव्हा वाढ होतेय म्हणून मी खूश. भिंगाने पाहिलं तर टोकावर मांसच नाही, वर शेवाळाची बारीक लव. मॉन्टीही फिकट पडतेय. बर्ड्सनेस्ट तेवढी ठीक.

आकडे: अल्कलिनिटी (पाण्यातला कार्बोनेटचा साठा) ११.२ डीकेएच, कॅल्शियम ४३०, मॅग्नेशियम १३२०, नायट्रेट ०, फॉस्फेट ०. तापमान सकाळी २६, दुपारी चारला २८.८. सॅलिनिटी (खारटपणा, सापेक्ष घनतेत) १.०२५ ते १.०२८, आणि इथेच मनात पाल चुकचुकते. टँकवर दोन पंखे आहेत, रोज ६ लिटर पाणी उडून जातं आणि मी दोन दिवसांचं १२ लिटर एकदम ओततो. हॉलमध्ये कूलर लावला की माणसं गार होतात, पण हवा ओली झाल्यावर पंख्यांना काही काम उरत नाही. कूलर बंद ठेवला तर पंखे चालतात, पण मग आई टँककडे ज्या नजरेने बघते ते विचारू नका. आणि नवतपा, मे अखेरचे ते नऊ कडक दिवस, अजून यायचाय!

कोणाला कुठे हलवू? की आता काही हलवूच नको?

प्रतिसाद

भाऊ, जागेचं नंतर, पहिले पाणी पाहा.

नायट्रेट-फॉस्फेट शून्य आणि अल्क ११, यात अ‍ॅक्रोची टोकं जळतातच. शून्य पाहून खूश होऊ नका, कोरलला थोडं खत लागतं. अल्क वाढवणारं डोसिंग (रोज घालायचं औषध) थांबवा, अल्क आपोआप ८-९ वर उतरू द्या, माशांना जरा सढळ हाताने खायला घाला. नायट्रेट ५, फॉस्फेट ०.०५ च्या आसपास दिसलं म्हणजे झालं.

१२ लिटर एकदम ओतणं आजपासून बंद. उडालेलं पाणी आपोआप भरणारा ऑटो टॉपअप बसवा, तोवर सकाळ-संध्याकाळ तीन-तीन लिटर. आणि ते पाणी किचनच्या आरओचं तर नाही ना? त्यात टीडीएस (विरघळलेले क्षार) अ‍ॅडजस्टर असला तर तो थोडं कच्चं पाणी मिसळतो.

आता जागा. टॉर्च खाली, प्रवाह मध्यम, वेव्हमेकर (लाटा करणारा पंप) तोंडावर नको, चारी बाजूंनी वीतभर मोकळं. फेविया वाळूवर, दुसऱ्या टोकाला. त्यालाही गरीब समजू नका, रात्री तोही लांब दोरे सोडतो. मॉन्टी मधल्या उंचीवर, तिच्याखाली कोणी नको, कारण ताट पसरलं की खाली अंधार. वरची कपार फक्त अ‍ॅक्रो आणि बर्ड्सनेस्टची. लाइट आधी ६० टक्क्यांवर आणा, मग आठवड्याला पाच-पाच वाढवा. एकदा हलवलं की रोज हात घालू नका.

पंख्यांचं म्हणाल तर जुलैच्या दमट हवेत ते नुसतेच फिरतील. चिलरचे (पाणी गार करणाऱ्या यंत्राचे) पैसे आत्ताच बाजूला काढा.

धागाकर्ता

आरओचं बरोबर ओळखलंत बाप्पा! टीडीएस मीटर बुडवला, ८४, म्हणजे कच्चं पाणी मिसळतंय. नवीन पाण्याची सोय होईपर्यंत ओळखीच्या लॅबमधून डिस्टिल्ड आणतोय.

टॉर्चचा गोंद काही केल्या सुटेना, शेवटी दगडाच्या कपच्यासकट काढला आणि खाली डाव्या कोपऱ्यात बसवला. फेवियाची जखम वाढली नाही, कडेचं मांस दुपारी फुगतं. काल रात्री पुन्हा मोबाइल मारून बघितलं. टॉर्चचा दोरा बाहेर होता, पण त्याला कोणी सापडत नव्हतं.

अ‍ॅक्रोची जळकी टोकं कापू, की राहू देऊ?